अपाची असताना 'प्रचंड' कशासाठी? विरळ हवेचा आणि देखभालीचा हिशेब

प्रश्न नाशिक रोडला डिप्लोमा करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा: "गांधीनगरच्या लष्करी विमानतळावरची हेलिकॉप्टरं रोज घरावरून जातात, त्यामुळे लहानपणापासून ओढ आहे. आपल्याकडे अमेरिकन अपाची आलेलं असताना जवळजवळ त्याच्या निम्म्या वजनाची, देशी बनावटीची १५६ 'प्रचंड' लढाऊ हेलिकॉप्टरं का घ्यायची? ते सैन्यात यायला सोळा वर्षं का लागली? त्यात आपलं म्हणावं असं नक्की किती? ड्रोनच्या काळात लढाऊ हेलिकॉप्टर टिकणार का? आणि मला यात तंत्रज्ञ म्हणून जायचं असेल तर काय करू?"

माझी सगळी नोकरी हेलिकॉप्टरच्या देखभालीत गेली. आधी चित्ता, मग एमआय-१७, मग हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं ध्रुव. प्रचंडचा रोटर, म्हणजे वरची फिरती पाती, आणि गिअरबॉक्स ध्रुवच्याच घराण्यातले, त्यामुळे त्या यंत्राची नस हाताला माहीत आहे. उत्तर देतोय ते कॉकपिटमधून नाही, खाली पान्हा घेऊन उभा राहणाऱ्याच्या जागेवरून. एक गोष्ट आधीच सांगतो. प्रचंडकडे बघताना पंखाखालची क्षेपणास्त्रं मोजायला बसू नका. पाच हजार मीटरवर हत्यारं अंगावर घेऊन ते हवेत एका जागी थांबू शकतं का, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सुरू होतं का, हे दोनच प्रश्न विचारा. तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्यांतूनच निघतात.

सुरुवात कारगिलपासून करावी लागते. तिथल्या शिखरांची नावं बघा: पॉइंट ५१४०, पॉइंट ४८७५. हे आकडे म्हणजे त्यांची मीटरमधली उंची. १९९९ मध्ये हवाई दलाकडे खास हल्ल्यासाठीचं हेलिकॉप्टर होतं, रशियन एमआय-३५. चिलखती, दणकट, पण अकरा-बारा टनांचं. एवढ्या उंचीवर लढण्यासाठी ते बनलेलंच नव्हतं. म्हणून माणसं आणि सामान वाहणाऱ्या एमआय-१७ ला रॉकेटचे पॉड (रॉकेटं भरलेल्या नळ्यांचे डबे) लावून तोलोलिंगच्या कड्यांवर पाठवलं गेलं. २८ मे १९९९ रोजी त्यांतलं एक हेलिकॉप्टर खांद्यावरून डागलेल्या स्टिंगर क्षेपणास्त्राने पाडलं. स्क्वाड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट एस. मुहिलन, सार्जंट पी. व्ही. एन. आर. प्रसाद आणि सार्जंट आर. के. साहू हे चौघे त्यात गेले. त्यानंतर हेलिकॉप्टरांना हल्ल्याच्या कामातून मागे घेतलं. त्या चौघांतले दोघे सार्जंट होते, आमच्याच पंगतीतले. हलकं, उंचीवर लढू शकणारं हेलिकॉप्टर हवं ही मागणी त्या उन्हाळ्यात पक्की झाली.

आता हवेचा हिशेब. समुद्रसपाटीच्या तुलनेत ५००० मीटरवर हवेची घनता साधारण ६० टक्के असते. रोटर हवा खाली ढकलतो म्हणून हेलिकॉप्टर वर राहतं. ढकलायला हवाच कमी असेल तर ती जास्त वेगाने ढकलावी लागते, आणि तेवढंच वजन निव्वळ पेलून धरायला सुमारे ३० टक्के जास्त शक्ती लागते. नेमक्या त्याच वेळी इंजिनही तीच विरळ हवा ओढत असतं आणि त्याची ताकद जवळजवळ त्याच प्रमाणात उतरते. घरखर्च वाढावा आणि त्याच महिन्यात पगार कापला जावा, अशी ही गत. मग पाती जास्त वेगाने फिरवावीत म्हटलं, तर पात्याचं टोक आधीच आवाजाच्या वेगाच्या जवळ फिरत असतं. थंड हवेत तर आवाजाचा वेगही कमी होतो, म्हणजे ती वाटही बंद. शेपटीच्या रोटरकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. मुख्य रोटर जेवढा जोर लावेल तेवढं धड उलट्या दिशेने फिरू पाहतं आणि ते रोखायचं काम शेपटीचं. विरळ हवेत तीही अपुरी पडते. पायलटने पेडल पार शेवटपर्यंत दाबलेलं असतं आणि नाक तरी वळतच राहतं. डोंगरातल्या अरुंद हेलिपॅडवर हे घडलं तर सावरायला जागा नसते.

या हिशेबात दोन आकडे कामाचे. पहिला, रोटरच्या वर्तुळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर किती वजन येतं. प्रचंडचं जास्तीत जास्त वजन ५८०० किलो आणि रोटरचा व्यास सव्वातेरा मीटरच्या आसपास, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ४२ किलो. आपल्याकडच्या अपाची-ई चं जास्तीत जास्त वजन १०४०० किलोच्या वर आणि व्यास १४.६ मीटर, म्हणजे सुमारे ६२ किलो. दुसरा आकडा, टनामागे किती हॉर्सपॉवर. प्रचंडच्या दोन 'शक्ती' इंजिनांची प्रत्येकी सुमारे १४०० धरली तर टनाला ४८० च्या आसपास. अपाचीची प्रत्येकी सुमारे २००० धरली तर टनाला ३८०. हा ढोबळ हिशेब आहे, कारण कुठलंही हेलिकॉप्टर दर वेळी पूर्ण वजन घेऊन उडत नाही, आणि सखल भागात गिअरबॉक्स इंजिनाची सगळी ताकद घेऊही शकत नाही. पण इंजिनातला हा वरचा शिलकी भाग उंचीवरच कामी येतो, आणि प्रचंडची सगळी आखणी त्या शिलकीवर उभी आहे.

म्हणून अपाची कमी दर्जाचं ठरत नाही. हवाई दलाच्या २२ अपाचींसाठी २०१५ मध्ये करार झाला आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पठाणकोटला ती रीतसर दाखल झाली. लष्कराने वेगळी सहा घेतली, त्यांतली पहिली तीन जुलै २०२५ मध्ये आली आणि त्यांचा तळ जोधपूरला. सपाट वाळवंटात, रणगाड्यांच्या रांगांसमोर, रडार आणि हेलफायर क्षेपणास्त्रं घेऊन अपाची जे करू शकतं ते प्रचंड करू शकत नाही. कागदावर अपाचीची कमाल उंचीही २० हजार फुटांच्या आसपास आहे. पण कागदावरची कमाल उंची म्हणजे पुढे उडत असताना गाठलेली उंची. पुढच्या वेगामुळे रोटरला ताजी हवा मिळत राहते आणि शक्ती कमी लागते. तिथे थांबणं, वळणं, नेम धरणं आणि उतरणं हा वेगळा प्रकार. ऑगस्ट-सप्टेंबर २०१५ च्या चाचण्यांत प्रचंडचा नमुना ५०० किलो भार घेऊन सियाचेनच्या पुढच्या हेलिपॅडवर उतरला. ते हेलिपॅड ४७००-४८०० मीटरच्या घरात आहेत. हल्ल्यासाठी बनलेल्या कुठल्याही हेलिकॉप्टरने त्याआधी तिथे पाय ठेवला नव्हता. २०२० मध्ये पूर्व लडाखमध्ये चीनबरोबर तणाव वाढला, तेव्हा सैन्यात रीतसर दाखल होण्याआधीच दोन प्रचंड लेहला नेऊन ठेवली होती.

सोळा वर्षांबद्दल बोलू. ऑक्टोबर २००६ मध्ये सरकारने विकासाला मंजुरी दिली. २९ मार्च २०१० रोजी बंगळुरूला पहिला नमुना उडाला. दुसरा जून २०११ मध्ये, तिसरा नोव्हेंबर २०१४ मध्ये, चौथा डिसेंबर २०१५ मध्ये. पहिला नमुना ठरवल्यापेक्षा जड निघाला होता, आणि वर सांगितलेला हिशेब ध्यानात घेतला तर या यंत्रात जास्तीचं वजन म्हणजे काय हे कळेल. सत्तर मिलिमीटरचं एक रॉकेट साधारण दहा किलोचं. चार पॉडमधली ४८ रॉकेटं मिळून अर्धा टन, पॉडचं वजन वेगळं. म्हणजे सांगाड्यात शंभर किलो जास्त झाले की दहा रॉकेटं खाली ठेवायची, नाहीतर तेवढं इंधन. दुसऱ्या नमुन्यापासून कंसापासून पॅनेलपर्यंत वजन छाटत जावं लागलं. बाहेरून बघणाऱ्याला यात वर्षं वाया गेलेली दिसतात. यंत्रावर काम केलेल्याला माहीत असतं की पातळ केलेला प्रत्येक भाग पुन्हा भाराखाली तपासावा लागतो, हादऱ्यांत महिनोन् महिने टिकतो का ते बघावं लागतं, आणि तिथे घाई केली की ती कुणाच्या तरी जिवावर बेतते.

मग हवामानाच्या चाचण्या. २०१२ मध्ये चेन्नईला समुद्रसपाटीवर, फेब्रुवारी २०१५ मध्ये लेहला थंडीत, जूनमध्ये जोधपूरच्या उन्हात. लेहच्या चाचणीत ४१०० मीटरवर, उणे १८ अंशांत रात्रभर उभं ठेवून सकाळी इंजिन सुरू करून दाखवायचं होतं. वाचताना ही किरकोळ अट वाटते, म्हणून ती सकाळ जरा जवळून सांगतो.

पुढच्या तळावर हँगर नसतो, असला तरी पुरत नाही. हेलिकॉप्टर रात्रभर उघड्यावर राहतं. बॅटरी संध्याकाळीच काढून शेकोटीच्या खोलीत नेलेली असते, कारण गारठलेली बॅटरी स्टार्टर फिरवेलच याची खात्री नाही. सकाळी कव्हर काढली की पात्यांवर बर्फाचा पापुद्रा असतो. तो खरवडायचा नाही, ठोकायचा तर मुळीच नाही; पातं संमिश्र तंतूंचं आहे, आतला थर सुटला तर बाहेरून दिसतही नाही. रबरी सील थंडीने आखडलेले असतात आणि हायड्रॉलिकच्या एखाद्या जोडावर लाल तेलाचा थेंब लोंबत असतो. तो पुसायचा, दाब दिल्यावर पुन्हा येतो का बघायचं आणि किती वेळात येतो ते मोजायचं. उघड्या हाताने धातूला स्पर्श केला की कातडी चिकटते. जाड हातमोजे घातले तर बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावायची लॉकिंग वायर बांधता येत नाही. म्हणून पातळ मोजे, थोडा वेळ काम, मग हात बगलेत, तोवर दुसरा गडी पुढे. मैदानात अर्ध्या तासात होणारी तपासणी तिथे दीड तास घेते आणि प्राणवायू कमी असल्यामुळे डोकंही हळू चालतं. अशा वेळी फॉर्म ७०० वर, म्हणजे यंत्राच्या देखभालीच्या नोंदपत्रावर, सही करणं ही मोठी जबाबदारी असते. त्या सहीचा अर्थ एवढाच की हे यंत्र उडायला योग्य आहे, असं मी सांगतोय.

जोधपूरचं दुखणं वेगळं. वाळू पात्याची पुढची कड अक्षरशः घासून काढते, इंजिनाच्या कॉम्प्रेसरमध्ये बारीक धूळ बसते, ठरलेल्या तासांनी तो धुवावा लागतो. प्रचंडची पहिली तुकडी, हवाई दलाची १४३ हेलिकॉप्टर युनिट, ३ ऑक्टोबर २०२२ रोजी जोधपूरलाच उभी राहिली आणि 'प्रचंड' हे नावही त्याच दिवशी मिळालं. लष्कराची ३५१ आर्मी एव्हिएशन स्क्वाड्रन त्याच वर्षी उभी राहून आसाममधल्या मिसामारीला गेली. एकीकडे कोरडी वाळू, दुसरीकडे दमट हवा आणि समोर अरुणाचलचे डोंगर. एकच यंत्र इतक्या वेगवेगळ्या हवेत चालवायचं म्हणजे देखभालीची वेळापत्रकंही दोन्हीकडे वेगळी शिकावी लागतात.

उशिराचा जो भाग मला खरंच खटकतो तो चाचण्यांनंतरचा. ऑगस्ट २०१७ मध्ये उत्पादनाचा औपचारिक आरंभ झाला. जानेवारी २०१९ मध्ये ओडिशातल्या चांदीपूरला उडत्या लक्ष्यावर मिस्त्राल क्षेपणास्त्र डागून हत्यारांच्या चाचण्या पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. आणि पहिल्या १५ हेलिकॉप्टरांना, दहा हवाई दलाला आणि पाच लष्कराला, ३८८७ कोटींची मंजुरी मिळाली ती ३० मार्च २०२२ ला. यंत्र तयार, मागणी पक्की नाही, अशी तीन वर्षं गेली. पुरवठा करणारा छोटा कारखानदार एवढा काळ थांबत नाही. तो साचा बाजूला ठेवतो आणि दुसरं काम धरतो. साखळी तुटली की ती नव्याने जोडायला आणखी वेळ लागतो. २८ मार्च २०२५ चा १५६ हेलिकॉप्टरांचा करार, हवाई दलाला ६६ आणि लष्कराला ९०, ६२,७०० कोटींचा, मला मोठा वाटतो तो याच कारणाने. तिसऱ्या वर्षापासून पुरवठा आणि मग पाच वर्षांत पूर्ण, अशी मुदत आहे. बंगळुरू आणि तुमकुरू दोन्हीकडे काम चालेल. या रकमेला १५६ ने भागून एका नगाची किंमत काढू नका. त्यात प्रशिक्षण आणि इतर साहित्यही आहे.

इतर देशांकडे बघितलं तर हा कालावधी जगावेगळा नाही. युरोपचं टायगर एप्रिल १९९१ मध्ये पहिल्यांदा उडालं आणि फ्रेंच सैन्याच्या हाती पडायला २००५ उजाडलं. त्याहून बोलका अनुभव ऑस्ट्रेलियाचा. त्यांनी २००१ मध्ये २२ टायगर मागवली, पूर्ण युद्धसज्ज असल्याचा शिक्का बसायला २०१६ उजाडलं, आणि २०२१ मध्ये त्यांनी टायगर काढून अपाची घ्यायचं ठरवलं. उडतं चांगलं, पण सुटे भाग वेळेवर येत नाहीत, दुरुस्ती महाग, आणि गरज पडेल तेव्हा हातात पुरेशी यंत्रं नाहीत, हे त्यांचं रडगाणं होतं. लढाऊ हेलिकॉप्टरचं खरं बळ उडणाऱ्या नगांवर मोजायचं असतं, विकत घेतलेल्या नगांवर नाही.

'आपलं किती' याचं उत्तर इथेच आहे. सरकारी आकडा सांगतो की पहिल्या १५ मध्ये किमतीच्या हिशेबाने सुमारे ४५ टक्के देशी भाग होता आणि १५६ च्या करारात तो ६५ टक्क्यांच्या वर न्यायचा आहे, अडीचशेच्या वर देशी कंपन्यांच्या मदतीने. सांगाडा, संमिश्र पाती, रोटरचा हब (पाती जोडलेला मधला भाग), गिअरबॉक्स, उड्डाण नियंत्रणाची जोडणी हे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं. शक्ती इंजिन आजच्या फ्रेंच सॅफ्रान कंपनीबरोबर मिळून विकसित केलेलं आणि बंगळुरूला बनणारं. नाकाखालची २० मिलिमीटरची तोफ फ्रेंच, मिस्त्राल फ्रेंच, रॉकेटं मुळात बेल्जियमची, नेम धरणारा कॅमेरा इस्रायली घडणीचा पण भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये बनलेला, धोक्याचा इशारा देणारी यंत्रणा साब कंपनीची. टक्केवारीने मला पूर्ण समाधान मिळत नाही, कारण ती किमतीवर मोजतात आणि हेलिकॉप्टर ओ-रिंग म्हणतात त्या एका साध्या रबरी कडीसाठीही जमिनीवर बसतं. माझा प्रश्न वेगळा असतो: कोणता भाग संपला तर तो आठवड्यात येतो आणि कोणता वर्षाने? गिअरबॉक्स उघडून दुरुस्त करायची सोय देशात आहे, हे मला पाच-दहा टक्क्यांच्या वाढीपेक्षा मोलाचं वाटतं.

गिअरबॉक्सचा विषय निघालाच आहे तर एक बारीकशी गोष्ट सांगतो, कारण तिच्यावर सगळ्यांचे जीव टांगलेले असतात. गिअरबॉक्सच्या तळाशी एक चुंबकी प्लग असतो, त्याला आम्ही चिप डिटेक्टर म्हणतो. तेलातून वाहत आलेले धातूचे कण त्याला चिकटतात. प्लग बाहेर काढला की टोकावर राखाडी लव दिसते. ती पिठासारखी बारीक असेल तर ती नेहमीची झीज. पुसायची, नोंद करायची. पण तिच्यात चकाकणारा, नखाला जाणवणारा एक पापुद्रा जरी दिसला तरी उड्डाण तिथेच थांबतं. बेअरिंगचा पृष्ठभाग सोलवटतोय किंवा दात चिरतोय, याची ती पहिली चाहूल. मग तेलाचा नमुना प्रयोगशाळेत, मागच्या नोंदींशी ताळा, गरज पडली तर गिअरबॉक्सच बदलायचा. त्या दिवशी कुठल्या मोहिमेसाठी कोण वाट बघतंय हे तिथे बघायचं नसतं.

ध्रुवच्या घराण्यात जन्मल्याचा फायदा मोठा आहे. ध्रुव १९९२ पासून उडतंय, सियाचेनमध्ये त्याची वर्षं गेली आहेत, हजारो हात त्यावर तयार झाले आहेत आणि प्रचंडला ते सगळं आयतं मिळालं. एकामागे एक बसणारे दोघे, अरुंद धड, चिलखत, आपटल्यावर धक्का शोषणारी चाकं, उष्णता लपवणारी धुराडी, हे नवं; पण ज्या यंत्रणेवर ते फिरतं ती ओळखीची. दुसरी बाजूही सांगायला हवी. मार्च २०२३ मध्ये नौदलाच्या ध्रुवला मुंबईजवळ समुद्रात उतरावं लागलं, त्यानंतर नियंत्रणाच्या दांड्या अॅल्युमिनियमच्या जागी पोलादी बसवल्या गेल्या. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव कोसळून तिघे गेले. स्वॉशप्लेट, म्हणजे पायलटच्या हातातली हालचाल फिरत्या रोटरपर्यंत पोचवणारी चकती, तिच्यात भंग आढळला आणि सगळ्या दलांची ध्रुवं महिनोन् महिने जमिनीवर राहिली. रोटरची घडण एका घराण्यातली असेल तर एका यंत्रातला दोष दुसऱ्यातही शोधावा लागतो. म्हणून प्रत्येक अशा घटनेची चौकशी शेवटपर्यंत, धातूच्या कणापर्यंत नेली पाहिजे आणि तिचं फळ तळावरच्या तंत्रज्ञाला वेळेत मिळालं पाहिजे. अपघातानंतर नुसतं 'तपासणी करा' असं पत्रक येऊन भागत नाही. काय बघायचं, कुठल्या प्रकाशात, कुठल्या भिंगाने, हे त्यात लिहिलेलं असावं.

प्रचंडची मोठी उणीव कोणती म्हणाल तर रणगाडाभेदी क्षेपणास्त्राची. २०२२ मध्ये ते दाखल झालं तेव्हा तोफ, रॉकेटं आणि मिस्त्राल होती. मिस्त्राल हवेतल्या लक्ष्यासाठी, रॉकेटं जवळ जाऊन मारायची. सात किलोमीटरवरून मारा करणारं, उष्णतेच्या चित्रावरून लक्ष्य ओळखून डागल्यावर स्वतःच त्याच्यावर जाणारं देशी हेलिना क्षेपणास्त्र ध्रुववरून यशस्वीपणे डागलं गेलं आहे. हवाई दल त्याला ध्रुवास्त्र म्हणतं. ते प्रचंडच्या पंखाखाली नेहमीचं झालं पाहिजे. त्याशिवाय पायलटला शत्रूच्या छोट्या क्षेपणास्त्रांच्या टप्प्यात जावं लागतं, आणि तोलोलिंगला नेमकं हेच घडलं होतं. या बाबतीत मला कुठलीही सबब पटत नाही.

ड्रोनचा प्रश्न याच टप्प्याशी जोडलेला आहे. २४ मार्च २००३ ला इराकमध्ये करबलाजवळ तीसच्या वर अपाची एकत्र चालून गेली. खालून साध्या बंदुकांचा आणि तोफांचा इतका मारा झाला की जवळजवळ सगळी भोकं पडून परतली आणि एक तिथेच राहिलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनच्या होस्तोमेल विमानतळावर रशियाच्या केए-५२ लढाऊ हेलिकॉप्टरांनाही तसाच फटका बसला. पण २०२३ च्या उन्हाळ्यात झापोरिझ्झियाच्या आघाडीवर हीच केए-५२ मागे थांबून आठ-दहा किलोमीटरवरून चिलखती गाड्या टिपत होती, आणि युक्रेनची चढाई रखडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. यंत्र तेच, अंतर बदललं. जपानने डिसेंबर २०२२ मध्ये लढाऊ हेलिकॉप्टरं मोडीत काढून ड्रोनकडे वळायचं धोरण जाहीर केलं. त्यांच्या बेटांसाठी ते ठीक असेल. हिमालयात गणित वेगळं आहे. छोट्या ड्रोनची बॅटरी उणे वीस अंशांत लवकर मान टाकते, विरळ हवा त्यालाही सोडत नाही, आणि दरीतल्या वाऱ्यात पाच-सहा किलोचं यंत्र स्थिर राहत नाही. उलट डोंगराच्या धारेआड लपून येणारं, क्षणभर डोकं वर काढून मारणारं आणि परत दरीत उतरणारं हेलिकॉप्टर तिथे अजून उपयोगाचं आहे. शिवाय इस्रायलने अपाचींच्या मदतीने ड्रोन पाडले आहेत. हेल्मेटच्या इशाऱ्यावर फिरणारी तोफ आणि मिस्त्राल असलेलं प्रचंड त्या कामाला साजेसं आहे. पुढे टेहळणीला ड्रोन आणि मागून मारा करायला हेलिकॉप्टर, अशी जोडी लवकर जमवावी लागेल, आणि त्यासाठी दोघांमध्ये बोलणारी, शत्रूने जॅम करू नये अशी डेटालिंक हवी. माझ्या मते १५६ पैकी पुढच्या टप्प्यातल्या यंत्रांवर ती बसूनच यायला हवी.

आता तुमच्याबद्दल. तुमच्या घरावरून जातात ती कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूलची हेलिकॉप्टरं. लष्कराचे पायलट तिथे तयार होतात. लष्कराच्या हेलिकॉप्टरांची देखभाल ईएमई कोअरकडे, म्हणजे लष्कराची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या विभागाकडे, असते. हवाई दलात जायचं तर अग्निवीरवायू भरतीला तीन वर्षांचा अभियांत्रिकी डिप्लोमा चालतो. वयाची आणि टक्केवारीची अट त्या वर्षीच्या जाहिरातीत वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. तिसरी वाट हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये अॅप्रेंटिस होण्याची. ओझरचा कारखाना तुम्हाला जवळ आहे, पण तिथे लढाऊ विमानं होतात. हेलिकॉप्टरच हवं असेल तर बंगळुरू किंवा तुमकुरूच्या जागांवर नजर ठेवा. १५६ नगांची जोडणी, मग त्यांची देखभाल आणि ओव्हरहॉल, म्हणजे तुमच्या पूर्ण नोकरीला पुरेल एवढं काम तिथे उभं राहतंय.

तोपर्यंत कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये तीन गोष्टी हाताला लावून घ्या. टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोरानेच बोल्ट आवळायचा पान्हा, बरोबर वापरायला शिका, शेवटचा झटका न देता. लॉकिंग वायर अशी बांधायला शिका की तिचा ताण बोल्टला आवळण्याच्या दिशेनेच राहील. आणि इंग्रजी मॅन्युअल शब्द न शब्द वाचायची सवय लावा, विशेषतः 'सावधान' असं चौकटीत छापलेलं. हायड्रॉलिक्स आणि मटेरियल सायन्स हे विषय परीक्षेपुरते करू नका. थकवा येऊन धातू कसा तुटतो हे ज्याला समजलं, त्याला चिप डिटेक्टरवरचा पापुद्रा दिसतो. तुमची डिप्लोमाची शाखा मेकॅनिकल आहे की इलेक्ट्रॉनिक्स ते कळवा, म्हणजे इंजिनाकडे जावं की एव्हिऑनिक्सकडे (हेलिकॉप्टरमधल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांकडे), हे नेमकं सांगता येईल.